सविता हलप्पनवार, आयर्लंडची आठवी दुरुस्ती आणि एका कॅथलिक बाईचं मत

निर्मळची_पोर

गर्भपाताच्या त्या दुसऱ्या धाग्यावर परवा कोणीतरी लिहून गेलं, "सविताला चर्चने मारलं." खाली लगेच दुसऱ्याचं उत्तर, "डॉक्टरांच्या ढिसाळपणाचं खापर धर्मावर फोडू नका." मग नेहमीची धुळवड. ख्रिस्ती नीतिशास्त्र याबद्दल नेमकं काय म्हणतं, याची तिथे कोणालाच पडलेली नव्हती. म्हणून हा वेगळा धागा.

माझं आधीच सांगून टाकते, नंतर कोणाला खोदून काढायला नको. मी वसईची, कॅथलिक, आणि नावापुरती नाही. रविवारची मिस्सा चुकवत नाही. गर्भपात मी पाप मानते. राहते आयर्लंडमधल्या गॉलवेत, इथली नागरिक आहे, आणि 25 मे 2018 ला आठवी घटनादुरुस्ती रद्द करावी या बाजूने मत देऊन आले. माहेरी कळल्यावर भावाने आठवडाभर फोन उचलला नाही.

आता मूळ गोष्ट. आयर्लंडमध्ये गर्भपात 1861 च्या ब्रिटिश कायद्यापासून गुन्हाच होता. पण अमेरिकेत 1973 मध्ये न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला तसं इथे कोणी करू नये, म्हणून 1983 मध्ये घटनेतच कलम घातलं, तीच आठवी दुरुस्ती: आईच्या आणि गर्भातल्या बाळाच्या जगण्याचा हक्क समान. बाजूने 66.9 टक्के मतं पडली. पस्तीस वर्षांनी हे कलम काढून टाकायला 66.4 टक्के पडली. एकाच देशातलं हे उलटं-सुलटं गणित मला आजही चक्रावून टाकतं.

मधल्या काळात 1992 मध्ये बलात्कारातून गरोदर राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीचा खटला झाला. तिला इंग्लंडला जायलाच बंदी घातली होती. ती जीव देईल हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की आईच्या जिवाला खरा आणि मोठा धोका असेल तर गर्भपात चालेल. जिवाला, प्रकृतीला नव्हे. तो धोका मोजायचा कसा, हे सांगणारा कायदा मात्र संसदेने पुढची वीस वर्षं केला नाही. आमदार-खासदार कुठलेही असोत, नको त्या विषयाला हात न लावण्यात सारखेच पटाईत.

आणि मग ऑक्टोबर 2012. सविता, वय 31, दंतवैद्य, सतरा आठवड्यांची गरोदर. रविवारी 21 तारखेला पाठदुखीने गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल. गर्भ टिकणार नाही हे तेव्हाच स्पष्ट होतं. रविवार-सोमवारच्या मध्यरात्री पाणमोट फुटली. मंगळवारी नवराबायकोने विनवलं की बाळ वाचणार नाहीच तर मोकळं करा. ठोके चालू आहेत म्हणून नाही म्हणाले. बुधवारी सेप्सिसचं, म्हणजे शरीरभर भिनलेल्या जंतुसंसर्गाचं, निदान झालं, त्याच दुपारी बाळ मृत जन्मलं. 28 तारखेला, रविवारी, ती गेली.

तिच्या मृत्यूच्या चौकशीत प्रसूतितज्ज्ञ डॉ. पीटर बॉयलन यांनी जी साक्ष दिली ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सोमवारी किंवा मंगळवारी गर्भपात केला असता तर ती बहुधा वाचली असती, पण तेव्हा तिच्या जिवाला 'मोठा धोका' दिसत नव्हता, म्हणून कायद्याने परवानगी नव्हती. बुधवारी परवानगी होती, तेव्हा उशीर झाला होता.

ढिसाळपणाही होता, नाकारत नाही. दाखल करतानाच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, तो अहवाल वेळेत कोणी पाहिला नाही. पुढच्या तपासण्याही वेळच्या वेळी झाल्या नाहीत. पण सरकारी चौकशीचा अहवाल असंही म्हणतो की गर्भ आपोआप पडायची वाट पाहण्यावरच सगळ्यांचं लक्ष खिळलं होतं. वाट का पाहायची, तर कायदा.

माझा मुद्दा असा. माझ्या श्रद्धेप्रमाणे गर्भपात पाप आहे. पण पाप ठरवणं आणि ते फौजदारी कायद्यात घालून डॉक्टरच्या मानेवर ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या चर्चचे मोठे धर्मपंडित संत थॉमस अक्विनास हे तेराव्या शतकात लिहून गेलेत: माणसांनी केलेल्या कायद्याने सगळे दुर्गुण बंद करायला जाऊ नये.

चर्चा करा. शिव्या नकोत.

बाजीराव_नाना

वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

कुंदा_बेळगावी

सविता आमच्या बेळगावची. बातमी नोव्हेंबरच्या मध्यावर फुटली. आधी आयरिश टाइम्समध्ये, मग इकडे सगळीकडे. आमच्या गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. लोकांना कळतच नव्हतं की बाळ वाचणार नाही हे माहीत असून पोरीला का ठेवलं. माझी आजी सुईणपण करायची. तिचा एकच प्रश्न होता, "तिथं बायका नव्हत्या काय गं दवाखान्यात?"

गर्भपात मागितल्यावर सविताला रुग्णालयात "हा कॅथलिक देश आहे" असं ऐकवलं, अशी बातमी होती. ते वाक्य खरंच कोणी बोललं का, यावर तेव्हा बराच गदारोळ झाला होता. चौकशीत एका सुईणीने मान्य केलं की ती तसं बोलली होती. म्हणे हिणवायला नाही, इथलं असं का आहे ते समजावायला. मला ते जास्तच लागलं. सविता हिंदू, लिंगायत घरातली. तिला त्या नियमाशी काय देणंघेणं?

2018 ला तिच्या वडिलांनी आयरिश लोकांना उघड आवाहन केलं होतं, मुलीचा फोटो प्रचारात वापरू दिला, आणि निकालानंतर नव्या कायद्याला सविताचं नाव द्या म्हणाले. ते काही झालं नाही.

नगरी_मेंढपाळ

ताई, लिहिलंय प्रामाणिकपणे, म्हणून उत्तरही तसंच देतो. मी अहमदनगरचा, आता अहिल्यानगर म्हणायचं. घरात तीन पिढ्यांची पाळकी. प्रोटेस्टंट.

तुमचा पाप-गुन्हा भेद ऐकायला गोड आहे, पण अक्विनास अर्धाच सांगितलात. त्याच ठिकाणी तो पुढे म्हणतो की कायद्याने मुख्यतः ते दुर्गुण बंद करावेत ज्यांनी दुसऱ्याला इजा होते, आणि उदाहरण काय देतो? खून आणि चोरी. म्हणजे गर्भातलं मूल माणूस असेल तर थॉमसबाबा तुमच्या नाही, माझ्या बाजूला बसतात.

खोटं बोलणं पाप आहे, गुन्हा नाही. चालेल. पण गुलामगिरीही "पाप आहे, कायद्यात कशाला?" असं गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ब्रिटिश खासदार विल्बरफोर्सला सांगणारे होतेच की. तिथे तुम्ही म्हणाला असतात का, की प्रत्येकाने आपापल्या विवेकाला विचारावं?

पवित्र शास्त्र उघडा. स्तोत्र 139 मध्ये दावीद म्हणतो की आईच्या उदरात देवानेच मला विणलं. यिर्मयाला परमेश्वर सांगतो, गर्भात घडवण्यापूर्वीच मी तुला ओळखलं. लूकच्या पहिल्या अध्यायात मरियेचा आवाज कानी पडताच अलीशिबेच्या पोटातलं बाळ आनंदाने उडी मारतं. सहावी आज्ञा स्पष्ट आहे.

निर्मळची_पोर

आमच्याकडे पाचवी. :) (वाचणाऱ्यांसाठी: 'खून करू नको' ही आज्ञा कॅथलिक पाचवी मोजतात, हे लोक सहावी. भांडायला तेवढंही पुरतं.)

अक्विनासचं तुमचं बरोबर आहे, पुढचं वाक्य तसंच आहे. त्यावर सविस्तर लिहिते, जरा वेळ द्या.

तर्कटराव

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो पण राहवेना.

"चर्च कायम हेच सांगत आलंय" हा आव आधी सोडा. जुन्या काळचा धर्मपंडित ऑगस्टीन, त्याने आकार आलेला आणि न आलेला गर्भ असा भेद केला. तुमचे थॉमसबाबा ॲरिस्टॉटलच्या मागे जाऊन म्हणाले की मानवी आत्मा गर्भात लगेच येत नाही, शरीर पुरेसं घडल्यावर येतो. 1588 मध्ये पोप पाचव्या सिक्स्टसने कुठल्याही टप्प्यावरचा गर्भपात म्हणजे खून ठरवून जबर शिक्षा लावली. तीन वर्षांत, 1591 ला, चौदाव्या ग्रेगरीने ती मागे घेऊन पुन्हा आत्मा आलेल्या गर्भापुरती ठेवली. 1869 ला नवव्या पायसने भेद परत काढला. याला सनातन सत्य म्हणतात?

आणि मेंढपाळ, तुमच्या प्रोटेस्टंटांचं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्टांनी 1971 मध्ये ठराव केला होता की बलात्कार, गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक किंवा मानसिक प्रकृतीला हानी, अशा वेळी गर्भपाताला परवानगी देणारे कायदे व्हावेत. 1980 येता येता घूमजाव. शास्त्र तेच, अर्थ मतपेटीनुसार.

निर्मळची_पोर

तर्कटराव, तारखा बरोबर, निष्कर्ष घाईचा. बदलली ती शिक्षा, आणि पापाचा प्रकार कोणता याबद्दलचं मत. गर्भपात चालतो असं चर्चने कधीच म्हटलं नाही. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या दिदाखेत, म्हणजे बारा प्रेषितांच्या नावाने चालणाऱ्या त्या छोट्या शिकवणीत, तो स्वच्छ मना केलाय. चौथ्या शतकात बिशप बेसिल म्हणतो, आकार आला होता की नाही असला कीस आम्ही काढत बसत नाही. रोमन समाजात नको असलेलं बाळ उघड्यावर टाकून द्यायची रीत होती. ख्रिस्ती लोक तेही करत नाहीत आणि हेही नाही, अशी त्यांची ओळख होती. मला तो वारसा प्रिय आहे, सोडायचा नाही.

ऑगस्टीन-थॉमस दोघांनाही चाळीस दिवसांचा गर्भ पाडणं चुकीचंच वाटत होतं. फक्त त्याला खून म्हणायचं का, यावर ते थांबत होते. निर्गमच्या 21 व्या अध्यायातलं ते भांडणाचं प्रकरण घ्या. दोन पुरुष झोंबताना गरोदर बाईला धक्का लागतो, मूल बाहेर येतं. त्या उताऱ्यावर तर यहुदी आणि ख्रिस्ती पंडित दोन हजार वर्षं वाद घालतायत. बाईला इजा झाली तर जिवास जीव. मुलाचं काय, दंड की जीव, यावर एकमत नाही.

आता मेंढपाळ. गुलामगिरीचा दाखला जोरदार आहे. पण गुलामाला सोडवताना मालकाच्या शरीरातून काही जात नव्हतं. त्याचा फायदा जात होता. इथे एका माणसाला वाचवण्याची सक्ती दुसऱ्या माणसाच्या शरीरावर चालते, नऊ महिने. मी ते ओझं घ्यावं असं माझा धर्म मला सांगतो, आणि मी घेईन. पण शेजारच्या लिंगायत बाईने ते पोलिसांच्या धाकाने घ्यावं, हे सांगणारा अधिकार मला कुठे सापडत नाही.

सुईणबाई

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, मराठवाड्यात. हिंदू, पण शिक्षण मिशन हॉस्पिटलात झालं, त्यामुळे सिस्टरांशी या विषयावर पुष्कळ भांडलेय. धाग्यात थोडं रक्तमांस घालते.

गर्भनलिकेतली गर्भधारणा घ्या. गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजलाय. वाढू दिला तर नळी फुटते, पोटात रक्त साठतं, बाई तासाभरात जाऊ शकते. बाळ वाचण्याचा प्रश्नच नसतो. लवकर कळलं तर उपाय दोन. मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन, गर्भाची वाढ थांबते, नळी राहते. किंवा दुर्बिणीतून नळी काढणं.

आता कॅथलिक नीतिशास्त्राची 'दुहेरी परिणामा'ची कसोटी लावा. वाईट परिणाम दिसत असला तरी तो हेतू नसावा आणि साधनही नसावा. म्हणजे आजारी नळी काढली, तिच्याबरोबर गर्भ गेला, तर चालेल. इलाज नळीवर होता. पण इंजेक्शन थेट गर्भाच्या पेशींवर काम करतं, म्हणून पुष्कळ कॅथलिक नीतितज्ज्ञ त्याला आडकाठी करतात. काही मान्यही करतात, एकमत नाही. म्हणजे पंचविशीच्या पोरीची धड नळी वाचवता येत असताना ती कापायची, कारण तसं केलं की हेतू शुद्ध राहतो! गर्भ दोन्हीकडे जातोच. एका सिस्टरला मी विचारलं होतं, "या पोरीला पुढच्या खेपेला दिवस राहायची शक्यता कमी झाली, ते कोणाच्या हिशेबात धरायचं?" ती म्हणाली, "डॉक्टर, मला हेतू विचारा, हिशेब नको."

मी त्या सिस्टरचा आदर करते. पण मी हिशेब करते.

तर्कटराव

आणि अमेरिकेतलं फिनिक्सचं प्रकरण? 2009, सेंट जोसेफ हॉस्पिटल. अकरा आठवड्यांची गरोदर बाई, फुप्फुसांच्या रक्तदाबाचा गंभीर आजार, गर्भ ठेवला तर मरणार हे जवळपास नक्की. रुग्णालयाच्या नीतिसमितीवरच्या सिस्टर मार्गारेट मॅकब्राइड यांनी संमती दिली, बाई वाचली. बिशप ओल्मस्टेड यांनी जाहीर केलं की सिस्टर आपोआप बहिष्कृत झाल्या, आणि डिसेंबर 2010 मध्ये हॉस्पिटलचा कॅथलिक दर्जाच काढून घेतला. हे तुमचं "तत्त्व".

निर्मळची_पोर

त्या प्रकरणाने मला फार छळलंय. हॉस्पिटलच्या बाजूने बोलणाऱ्या कॅथलिक नीतितज्ज्ञांचं म्हणणं होतं की इलाज वारेवर होता. वारेमुळे हृदयावर ताण येत होता, ती काढणं म्हणजे थेट गर्भपात नव्हे. बिशपांचं म्हणणं, वार निरोगी होती, रोग दुसरीकडे होता, मग हा थेटच. दोघंही एकाच पोथीतलं वाचत होते. अमेरिकन बिशपांच्या आरोग्यसेवा निर्देशांतला 45 वा थेट गर्भपात मना करतो. 47 वा म्हणतो की आईच्या गंभीर आजारावरचा उपचार पुढे ढकलता येत नसेल तर तो करावा, बाळ गेलं तरी.

सविताच्या वेळी आयरिश बिशपांनीही नोव्हेंबर 2012 मध्ये निवेदन काढलं होतं: गर्भातल्या बाळाचा जीव आईच्या जिवापेक्षा वरचढ मानावा असं चर्चने कधी शिकवलेलं नाही. शिकवण म्हणून ते खरं आहे. पाणमोट फुटलेली, जंतुसंसर्ग सुरू झालेला, अशा वेळी पिशवी रिकामी करणं 47 व्या निर्देशात बसतं.

आता एवढं बघा. बिशप आणि सिस्टर, दोघंही आयुष्य चर्चला वाहिलेले, एकाच बाईच्या केसपेपरवर उलट निकाल देतात. फिनिक्समध्ये शिक्षा बहिष्काराची होती. बहिष्कार मागे घेता येतो, सिस्टरांचा पुढे घेतलाही गेला. तोच वाद गॉलवेत रात्री दोन वाजता एका निवासी डॉक्टरच्या डोक्यात चालू असतो, आणि चुकलं तर तुरुंग. तो काय करेल? थांबेल. बुधवारपर्यंत थांबेल.

नगरी_मेंढपाळ

मग कायदा सुधारा! आईच्या प्रकृतीची सवलत घाला, संसर्गाची घाला, जगूच न शकणाऱ्या बाळाची घाला. त्यासाठी मतदानानंतरच्या नव्या कायद्यात बारा आठवड्यांपर्यंत कारण न विचारता परवानगी कशाला? सविताचं नाव घेऊन दार उघडलं आणि आत भलतंच आणलं. तुम्ही ज्याला पाप म्हणता तेच.

निर्मळची_पोर

सुधारून पाहिलं ना. 2013 चा कायदा झाला. जिवाला धोका असेल तर दोन डॉक्टरांची सही, आत्महत्येचा धोका असेल तर तिघांची, बाहेर पाऊल पडलं तर चौदा वर्षं कैद. ती चौदा वर्षं वाचून कोणता डॉक्टर धीट झाला असेल?

बारा आठवडे का, याचं उत्तर संसदेच्या समितीच्या चर्चेत आहे. बलात्काराची सवलत ठेवायची तर मुलीने बलात्कार सिद्ध करायचा कोणापुढे, आणि तोवर पोट थांबणार आहे का? सवलत कागदावर राहते. शिवाय इंग्लंडला बायका जातच होत्या, तिकिटाचे पैसे असलेल्या. ज्यांच्याकडे नव्हते त्या टपालाने गोळ्या मागवून न्हाणीघरात एकट्या बसत होत्या.

भलतंच आत आलं हे खरं आहे. मला ते माहीत होतं. डोळे उघडे ठेवून मत दिलंय.

नगरी_मेंढपाळ

मग आपल्याकडचं बघू. "तिचं शरीर, तिचा निर्णय" म्हणणारे पुरोगामी मित्र मुलगी आहे म्हणून पाडलेल्या गर्भाबद्दल बोलतात तेव्हा शब्द बदलतो: भ्रूणहत्या. हत्या कोणाची होते, कोणी नसेल तर? महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली 2001 ला 913, 2011 ला 894. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 चा. तिथे मात्र सगळ्यांना कायदा हवा, तुरुंग हवा. तिथे कोणी म्हणत नाही, पाप आहे पण गुन्हा नको.

सुईणबाई

हा मुद्दा टाळता येणार नाही, आणि माझ्यापुरतं उत्तर असं. तो कायदा लिंग सांगणाऱ्याला पकडतो. सोनोग्राफी करणारा, केंद्र चालवणारा, तपासणीचा आग्रह धरणारं सासर. बाई स्वतः दडपणाखाली आहे असंच कायदा धरून चालतो. टेबलावर रडणारी बाई "मला नकोय" म्हणते तेव्हा तिच्या मागे सासू बसलेली असते, हे मी रोज बघते. परळीत 2012 ला मुलींचे गर्भ पाडण्याचं जे प्रकरण उघड झालं त्यानंतर आमच्या भागात एक उलटंच सुरू झालं: रीतसर, कायदेशीर गर्भपातालाही डॉक्टर नाही म्हणू लागले. सोनोग्राफीच्या नोंदीच्या फॉर्म एफमधल्या एका चुकीसाठी यंत्र सील. म्हणून तिसऱ्या महिन्यातली बाई सरकारी दवाखान्यातून परत जाते आणि मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेते. मग रक्तस्राव घेऊन माझ्याकडे. म्हणजे ताईंचा तो रात्री दोनचा डॉक्टर इकडेही आहे.

बाकी, आपला 1971 चा कायदा ज्या समितीच्या शिफारशीवरून आला तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह महाराष्ट्राचेच मंत्री होते. तिथे चर्चा हक्काची नव्हतीच. चोरून होणाऱ्या गर्भपातात बायका मरत होत्या, त्याची होती. आजही गर्भपात आपल्याकडे मुळात गुन्हाच आहे, कायदा फक्त अपवाद देतो. 2021 च्या दुरुस्तीने काही गटांना चोवीस आठवडे मिळाले, आणि 2022 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मुलींनाही त्यात घेतलं.

बाजीराव_नाना

सुईणबाईंच्या प्रतिसादाला +१. वेगळा धागा काढा यावर.

जुना_चावडीवाला

पुण्याचा म्हातारा आहे, दोन आणे टाकतो.

1863 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, नाहीतर इथे ठेवावं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी 1874 ला दत्तक घेतला, डॉक्टर केला. जोतीराव ख्रिस्ती नव्हते, पण मिशनऱ्यांच्या शाळेत शिकले होते. त्यांनी त्या बायकांना पापी ठरवलं नाही आणि मुलंही मरू दिली नाहीत.

आता गॉलवेपासून फार लांब नसलेलं ट्यूम गाव. सिस्टरांनी चालवलेलं कुमारी मातांचं आश्रमगृह, 1925 ते 1961. स्थानिक इतिहासकार कॅथरीन कॉर्लेस यांनी मृत्यूंचे दाखले एकेक करून मागवले: 796 मुलं. त्यांच्या दफनाच्या नोंदी नाहीत. पुढे खणून पाहिलं तेव्हा जमिनीखालच्या जुन्या कोठ्यांत लहान मुलांचे अवशेष सापडले, आणि 2025 मध्ये पूर्ण उत्खनन सुरू झालं. ही सगळी मुलं आठव्या दुरुस्तीच्या आधीची, गर्भपात न झालेली. मेंढपाळ, ज्या आईने तुमचं ऐकलं तिचं आणि तिच्या लेकराचं त्या चर्चने काय केलं, ते बोला.

नगरी_मेंढपाळ

चावडीवाले, यावर बचाव करणार नाही. लाजच वाटते. पण त्या लेकरांना वाऱ्यावर सोडलं म्हणून पुढच्यांना आधीच मारायचा परवाना मिळत नाही. उलट माझं म्हणणं पक्कं होतं: दोन्हीकडे गुन्हा एकच, नकोसं माणूस माणसात न धरण्याचा. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन आणि त्यात कृपासदन काढलं ते याच शास्त्राच्या आधाराने. फसलेल्या बायकांना जागा, त्यांच्या लेकरांना जागा. माझी पणजी तिथे वाढली. ती जन्मली नसती तर सोयीचं झालं असतं असं म्हणणारे तेव्हाही असतील.

कुंदा_बेळगावी

मेंढपाळ, तुमच्या पणजीचं वाचून बरं वाटलं, खरंच. पण रमाबाईंकडे आलेल्या बाईला दार उघडं होतं, बाहेर कडी नव्हती. सवितालाही मूल हवंच होतं हो. पहिलंवहिलं होतं. हे सगळे वाचताना विसरतात.

संपादक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. धर्मांतराचा विषय इथे आणू नका.

नगरी_मेंढपाळ

कुंदाताई, विसरलो नाही. सवितासाठी मी स्वतः सही केली असती, सोमवारीच. हे मनापासून. पण 2018 च्या मतपत्रिकेवर प्रश्न तेवढाच नव्हता, म्हणून माझं मत 'नको'च पडलं असतं.

निर्मळच्या ताई, शेवटचं विचारतो. टोमणा नाही. निकालानंतर एल्फिनचे बिशप डोरन म्हणाले होते की परिणाम ठाऊक असून आणि तोच हेतू ठेवून ज्या कॅथलिकांनी 'हो'ला मत दिलं त्यांनी कन्फेशनला जावं. आमच्यात कन्फेशन नाही, म्हणून कुतूहल. तुम्ही गेलात?

निर्मळची_पोर

कन्फेशनला जाते, नेहमीच जाते. या मतासाठी म्हणून गेले नाही.

बिशपांच्या वाक्यात दोन अटी आहेत, ठाऊक असणं आणि हेतू असणं. पहिली मला लागू आहे. दुसरी नाही. दुसऱ्याच्या चुकीच्या कृत्याला हातभार लावण्याचे आमच्याकडे प्रकार मानतात: तो मनात धरून लावलेला, आणि न धरता, लांबून लागलेला. पहिला कधीच चालत नाही. दुसऱ्यासाठी तितकंच वजनदार कारण लागतं. माझं कारण ती सोमवार ते बुधवारची मधली जागा होतं. तुम्ही म्हणाल, सुईणबाईंच्या सिस्टरसारखंच हेतूच्या आड लपतेय. म्हणा. मलाही कधी कधी तसं वाटतं.

इथल्या आमच्या फादरांनी प्रवचनात 'नको'ला मत द्या म्हणून सांगितलं होतं. माझं मत त्यांना माहीत आहे, मीच सांगितलं, कन्फेशनमध्ये नाही, चहा घेताना. वाद झाला. पुढच्या रविवारी त्यांनी मला ख्रिस्तशरीर (मिस्सेतली कम्युनियन) दिलं. वसईत भावाच्या धर्मग्रामात दिलं असतं का, माहीत नाही.

मेथोट्रेक्सेटचा सुईणबाईंचा प्रश्न मात्र अनुत्तरित आहे. वसईत सेमिनरीत शिकवणारे एक ओळखीचे फादर आहेत, त्यांना लिहिलंय. उत्तर आलं की इथेच टाकते.